आजोबांचा वस्तरा: दगडाची मूठ आणि दगडाचाच निसणा (धार लावायचा दगड), जमेल का?

शिळाप्रेमी

आजोबांचा वस्तरा माझ्याकडे आला आहे. पाते जाड आहे, पाठ शाबूत आहे, पण मूठ गेली. कासवाच्या पाठीसारखी दिसणारी पिवळट-तपकिरी मूठ होती, आता तिला जाळीसारखे तडे गेलेत आणि बोट लावलं की भुगा पडतो. पेटी उघडली की नाकाला झोंबणारा आंबूस वास येतो. एक गोष्ट कळली नाही. घडी घातल्यावर पात्याचा जेवढा भाग मुठीच्या आत जातो, गंज नेमका तेवढ्यावरच आहे. मुठीबाहेर राहणारी पात्याची शेपटी स्वच्छ.

नवी मूठ दगडाची करावी असं मनात आहे. दगड तरी कुजणार नाही. माझ्याकडे एक लादी आहे: करडी-हिरवट, तळहाताएवढी रुंद, चारेक सेंटिमीटर जाड, स्पर्शाला कातडीसारखी मऊ. तिच्यातून मुठीच्या दोन फळ्या कापायच्या आणि उरलेल्या तुकड्याचा निसणा करायचा. ज्या दगडाची मूठ, त्याच दगडावर धार. कुणी केलंय का असं? मला हे खरंच मनापासून करायचं आहे.

जुनीपाती

आधी ती मूठ पात्यापासून वेगळी करा, आजच. ती सेल्युलॉइडची आहे. नायट्रोसेल्युलोज आणि कापूर मिळून हा पदार्थ बनतो. म्हातारा झाला की त्यातून नायट्रोजनचे ऑक्साइड सुटतात, हवेतल्या ओलाव्याशी मिळून त्यांचं आम्ल होतं आणि ते पोलाद खातं. म्हणूनच गंज फक्त झाकल्या भागावर आहे. दुसरे वस्तरे त्या पेटीत ठेवू नका, त्यांनाही लागण होईल. तुकडे विस्तवापासून लांब ठेवा, भपकन पेटतात.

मग भिंगाखाली धार बघा. गंजाचे खड्डे धारेपर्यंत पोचले असतील तर निसताना तिथे कपचा उडेल. पाठीकडे असतील तर काळजी नाही.

संथधार

मी तीन दगडी मुठी केल्या आहेत. त्यांतली पहिली माझ्या हातात फुटली. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मूठ आणि निसणा यांना दगडाकडून उलट गोष्टी हव्या असतात. निसण्याच्या दगडाने आपले कण थोडे थोडे सोडत राहावं, किंवा कण इतके घट्ट धरावेत की त्यांची टोकं पोलादाला अगदी हलकं खरवडतील. मुठीच्या दगडाने मात्र काहीच सोडू नये, आणि अडीच मिलिमीटर जाडीतही एकसंध राहावं. तुमच्या वर्णनावरून लादी पाटीच्या दगडाची वाटते. पाटी पापुद्र्यांची बनलेली असते. निसण्याला ती चालते, किंबहुना उत्तम चालते: जर्मनीतल्या थुरिंगियाचे नावाजलेले वस्तऱ्याचे दगड पाटीचेच आहेत. पण तिच्या पातळ फळीला खिळ्यासाठी भोक पाडलंत की ती पापुद्र्यात सुटते.

माझी पहिली मूठ अकीकाची होती. रंग असा की कापल्यावर मी तासभर उजेडाकडे धरून बघत बसलो होतो. भोकं नीट पडली: हिऱ्याची धार असलेली नळी, दगड पाण्याखाली, अर्धं भोक एका बाजूने आणि अर्धं दुसऱ्या बाजूने, कारण आरपार गेलो तर बाहेर पडताना कड उडते. मग नेहमीसारखा पितळी खिळा घातला आणि छोट्या हातोडीने डोकं ठोकायला घेतलं. खिळा ठोकताना जाड होतो आणि भोकाला आतून ढकलतो. शिंग ते सहन करतं, लाकूड करतं. अकीक करत नाही. सातव्या-आठव्या ठोक्याला भोकापासून कडेपर्यंत केसासारखी रेघ गेली. त्या दिवशी मी दुसरं काही काम केलं नाही.

त्यानंतरच्या दोन्ही मुठींना भोकात अस्तर म्हणून पितळी नळीचा बुश एपॉक्सीने बसवला, आतल्या अंगाला पातळ पितळी पत्रा चिकटवला आणि ठोकायच्या खिळ्याऐवजी आट्याचा बारीक स्क्रू वापरला. त्या अजून शाबूत आहेत.

आता ज्याबद्दल कुणी सांगत नाही ते. शिंगाच्या किंवा लाकडाच्या फळ्या किंचित वाकतात. मुठीच्या टोकाला दोन फळ्यांमध्ये बसवलेली पाचर घट्ट केली की त्या बाहेरच्या अंगाला हलकी कमान घेतात, पाते मध्यभागी बसतं, आणि थोडं चुकलं तरी फळीच सांभाळून घेते. दगड वाकत नाही. पाचरीचा उतार केसभर चुकला तर पाते एका बाजूला झुकून मिटतं आणि धार फळीला लागते. शिंगाला लागली तर शिंगाला चरा पडतो. दगडाला लागली तर धारच जाते, आणि मग तुमचा अख्खा दिवस पुन्हा निसण्यावर. मी दुसऱ्या मुठीची पाचर पाच वेळा घासली. प्रत्येक वेळी कागदाची पट्टी आत धरून पाते मिटायचो आणि ती दोन्ही बाजूंनी सारखीच सुटी राहते का बघायचो.

वजनही बघा. पंधरा सेंटिमीटर लांब, दीड रुंद, अडीच मिलिमीटर जाड अशा दोन दगडी फळ्या मिळून सुमारे ३० ग्रॅम भरतात. शिंगाच्या त्याच्या निम्म्या. तुमचं पाते जाड आहे म्हणता, त्याला हे पेलेल. नाजूक पोकळ (दोन्ही अंगांनी खोलगट घासून पातळ केलेल्या) पात्याला दगडी मूठ देऊ नका, दाढी करताना तोल मागे ओढला जातो.

भूस्तर

संथधार यांनी धुळीचं लिहिलं नाही, म्हणून सांगतो. अकीक, जास्पर, पाटी, गारगोटी या सगळ्यांत सिलिका असते. तिची कोरडी धूळ फुप्फुसात साचली की सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. ओलंच कापा, ओलंच घासा, गाळ वाळण्याआधी पुसून टाका, वर मास्क लावा. हिरवा सर्पेंटाइन दिसायला मोहक असतो, पण त्यात अॅस्बेस्टॉसचे तंतू असू शकतात. मॅलाकाइटच्या भुकटीत तांबं असतं. हे दोन मी घरी कापणार नाही.

लादीवर व्हिनेगरचा थेंब टाका. फेस आला तर चुनखडी किंवा संगमरवर आहे, निसणा म्हणून टाकाऊ. कठीणतेच्या मोज्‌ श्रेणीत कॅल्साइट ३ वर येतं, वस्तऱ्याचं पोलाद त्याच्या बरंच वर. मऊ दगड कठीण पोलादाला काय निसणार? गार (क्वार्ट्‌झ) ७ वर आहे, तामडाही (गार्नेट) त्याच्या आसपास. बेल्जियमच्या आर्देन डोंगरातला पिवळा कोटिक्यूल हा निसण्याचा दगड चालतो तो याच तामड्यामुळे: मऊ अभ्रकी मातीत रुतलेले, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे दाणे. त्याचे थर इतके पातळ निघतात की बहुधा खाली पाटीची लादी चिकटवूनच देतात. अमेरिकेतला आर्कान्सा दगड, म्हणजे नोव्हाक्युलाइट, याच्या उलट. जवळजवळ शुद्ध सिलिका, इतका घट्ट की त्याचा गाळ जवळपास निघतच नाही.

शिळाप्रेमी

फेस आला नाही. पाण्यात भिजवून कडेने एक तुकडा कापला तर तो पुस्तकासारखा दोन पानांत उघडला. मुठीचा विचार सोडला. वाईट वाटलं, पण ते पान हातात घेतल्यावर पटलं. निसण्यासाठी पुढे काय करू?

संथधार

आधी सपाट करा. वस्तऱ्यात पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडावर टेकतात, पाठच कोन ठरवते, त्यामुळे दगडातला खळगा थेट धारेत उतरतो. जाड काचेवर पाणी आणि सिलिकॉन कार्बाइडची भुकटी घ्या, दगडावर पेन्सिलीने चौकटी आखा आणि सगळ्या रेघा एकदम पुसल्या जाईपर्यंत घासा. कडा गोल करा.

मग डोळे मिटून नखाचा कोपरा पूर्ण दगडावरून फिरवा. जिथे नख अडखळतं तिथे गारेची शीर किंवा माक्षिकाचा (पायराइटचा) कण आहे. तेवढ्या एका कणाने धारेला दात पडतात. शीर कडेला असेल तर तो भाग कापून टाका, मधून जात असेल तर दगड सुऱ्यांसाठी ठेवा.

आणि गंजलेल्या पात्याची सुरुवात या दगडावर करू नका. आधी कृत्रिम १००० च्या दगडावर (आकडा जितका मोठा तितके दाणे बारीक) धारेचे दोन्ही उतार एका रेषेत भेटू द्या, मग ४००० आणि ८०००. तुमची पाटी शेवटी येईल. त्याच पाटीच्या छोट्या तुकड्याने घासून दुधासारखा गाळ काढा, फक्त वस्तऱ्याच्या वजनावर पाते फिरवा, आणि थेंब थेंब पाणी घालत गाळ पातळ करत न्या, शेवटी नुसतं पाणी राहीपर्यंत. धार नेहमी पुढे. नंतर चामड्याच्या पट्ट्यावर फिरवताना मात्र पाठ पुढे.

शिळाप्रेमी

तीन रविवार गेले. शीर एका कडेला होती, कापून काढली. उघडलेल्या पानांतलंच एक पान गाळ काढायला ठेवलं. गाळ फिकट करडा येतो, बोटांत साबणासारखा वाटतो. खड्डे पाठीकडेच निघाले. मूठ शिंगाची केली आणि पाचर चार वेळा घासावी लागली, कागदाच्या पट्टीने तपासत.

काल पहिली दाढी केली. गालावर आवाजही आला नाही. हनुवटीखाली उलट्या केसांना थोडा ओढला. पाटीवर अजून किती वेळ द्यायचा, की परत ८००० वर जायचं?

संथधार

परत ८००० वर. हनुवटीखाली ओढतो म्हणजे धारेचा एखादा भाग अजून पूर्ण भेटलेला नाही, आणि पाटी ते काम करणार नाही. पात्याला काळ्या मार्करची रेघ ओढा, दोनदा फिरवा आणि शाई कुठे उरली ते इथे लिहा.