रानगाढव आणि करवत मासा, वाचवायला सोपा कोण?

देवगडचा_पोर:
कॉलेजात प्रोजेक्ट दिलाय, क्रिटिकली एंडेंजर्ड (म्हणजे नामशेष व्हायच्या अगदी काठावरच्या) यादीतले दोन प्राणी, एक जमिनीवरचा एक पाण्यातला. मी रानगाढव आणि करवत मासा घेतलाय. सर हमखास विचारणार, वाचवायला सोपा कुठला, तर काय सांगू? आणि करवत मासा शार्कच ना, मग पाकटांच्या (चपट्या 'रे' माशांच्या) गटात कसा काय?

खाडीकाठ:
आधी गाढव कुठलं ते बघ. कच्छच्या रणातलं घेतलंस तर सर पहिल्या मिनिटाला उडवतील, ते क्रिटिकल नाही, 2024 च्या गणनेत गुजरातेत 7,672 भरली. यादीत आहे ते आफ्रिकेतलं, इरिट्रिया-इथिओपियाच्या वाळवंटी पट्ट्यातलं. आपलं पाळीव गाढव त्याच्याच वंशातलं आणि आता तेच त्याच्या मुळावर आलंय, दोघांचा संकर होतो ना. त्यात गुरांशी पाणी-चाऱ्यावरून स्पर्धा, वर मांसासाठी नि औषधासाठी शिकार. पूर्ण वाढलेली फार तर 200 उरलीत असा आययूसीएनचा, म्हणजे ही यादी काढणाऱ्या जागतिक संस्थेचा अंदाज. तरी माझं मत गाढव सोपं. दिसतं, मोजता येतं, पाणवठा राखता येतो, शिवाय स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या झूसारख्या ठिकाणी पैदास चालू आहे.

रापणवाला:
शार्क नाय रे बाबा. कल्ल्यांच्या फटी बघ, शार्कला बाजूला असतात, ह्याला खाली पोटाकडे, पाकटासारख्या. आणि आता ह्याच्यामागे मुद्दाम कोण जातंय, पण तोंडापुढची करवत दोन्ही बाजूंनी दातेरी, एकदा जाळ्यात अडकली की मासा जितका वळवळेल तितका गुंडाळत जातो, मग सोडवायचा तर जाळं कापा, आणि ते कोणाच्या खिशातून? आपल्याकडे महाराष्ट्रात संरक्षित प्राणी सोडताना कापलेल्या जाळ्याला 25,000 पर्यंत भरपाईची सरकारी स्कीम आहे, ती प्रोजेक्टात टाकच. 2001 पासून हा वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल एकमध्ये आहे, म्हणजे कायद्यात वाघाच्या रांगेत. पण वाघासाठी जंगल राखता येतं, ह्याची पिल्लं खाडीत-नदीत वाढतात आणि मोठा झाला की समुद्रात, राखणार कुठे कुठे?

खाडीकाठ:
बरोबर. निकाराग्वाच्या सरोवरात 1970 च्या दशकात धंद्यासाठी इतके मारले की मासेमारीच बसली, आणि ते अजून सावरलेले नाहीत.

देवगडचा_पोर:
भारी! करवत माशाच्या पाच जाती दिसतायत, सगळ्या घेऊ?

रापणवाला:
पाचही क्रिटिकलच आहेत. एकच घे, मोठ्या दातांची. आणि फोटो खालच्या बाजूचा लाव, कल्ले दिसायला हवेत.