विषय: नॉर्थ, ईस्ट की हाउझर? (जुलैअखेर येतोय)

नमस्कार मंडळी,

आम्ही कर्वेनगरचे. नवऱ्याची कमिन्समध्येच (इंजिनांची कंपनी) अमेरिकेत कोलंबस, इंडियानाला बदली झालीये, जुलैच्या शेवटी पोचू. मुलगी नववीत जाईल, धाकटा सहावीत. झिलोवर (घरं शोधायची वेबसाइट) घरं बघतोय तर प्रत्येक घराखाली शाळेचा 1 ते 10 आकडा, आणि त्या आकड्यावरून आमची रोज रात्री वादावादी. ह्याचं म्हणणं जिथे आकडा मोठा तिथे घर, विषय संपला. कोलंबस नॉर्थ, कोलंबस ईस्ट आणि शेजारच्या होप गावचं हाउझर अशी तीन हायस्कूलची नावं सारखी समोर येतायत. कोणाची मुलं आहेत का तिथे? इथे बसून काहीच अंदाज येत नाहीये.

मृणाल

---

मृणाल, या या, वाट बघतोय.

आधी त्या आकड्याबद्दल. तो मुख्यतः टेस्टच्या निकालांवरून निघतो. तुमची मुलगी कॅन्टीनमध्ये कोणाबरोबर बसेल, तिला चार वर्षांत काय काय करून बघता येईल, हे त्यात कुठून येणार? बार्थोलोम्यू काउंटी म्हणजे मधे एक कोलंबस आणि बाकी सगळा मका नि सोयाबीन. त्यामुळे पुण्यासारखं अमक्या शाळेत अॅडमिशन मिळेल का वगैरे टेन्शन डोक्यातून काढा, घर ज्या स्कूल डिस्ट्रिक्टच्या हद्दीत, तिथल्या सरकारी शाळेत जागा मिळतेच.

आमची थोरली नॉर्थला होती. मोठी शाळा, दोन हजारांच्या वर मुलं, आयबी डिप्लोमा (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) तिथे आहे. पहिले दोन महिने ती जेवणाचा डबा लायब्ररीत खायची हे आम्हाला वर्षभराने कळलं! मग ऑर्केस्ट्रात गेली आणि माणसात आली. ईस्टची बिल्डिंग 1972 ची, मिचेल-जिरगोला या आर्किटेक्ट फर्मने केलेली. इथे कमिन्स फाउंडेशनने कित्येक सार्वजनिक इमारतींच्या आर्किटेक्टची फी भरलीये, म्हणून एवढ्याशा गावात शाळासुद्धा बघायला बाहेरून लोक येतात. ते सोडा, मुद्द्याचं म्हणजे नॉर्थ आणि ईस्ट एकाच डिस्ट्रिक्टच्या आहेत, त्यामुळे वरून दिसतो तेवढा फरक नाही. त्याच डिस्ट्रिक्टचं न्यू टेक पण आहे, तिथे सगळं प्रोजेक्ट करत शिकायचं. ज्या मुलांना गप्प बसवत नाही त्यांच्यासाठी बेस्ट.

आता एक गंमत. धाकट्याने अकरावीत सी-फोरला वेल्डिंग घेतलं. सी-फोर म्हणजे इथला करिअर प्रोग्रॅम, आजूबाजूच्या शाळांची मुलंही येतात. आमची आई फोनवर म्हणाली, "बाप इंजिनं डिझाइन करतो आणि पोरगं झारण लावतंय?" आज तोच पर्ड्यू युनिव्हर्सिटीत मेकॅनिकल करतोय, आणि बापाने काढलेलं ड्रॉइंग बघून विचारतो, बाबा इथे टॉर्च जाणार कशी. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

प्रसाद

---

प्रसादने हाउझरबद्दल एक अक्षर लिहिलं नाही, अपेक्षितच होतं :)

मृणाल, आम्ही होपला राहतो. कोलंबसपासून गाडीने वीसेक मिनिटं. 1830 मध्ये मोरेव्हियन या ख्रिश्चन पंथाच्या लोकांनी वसवलेलं गाव, मधे चौक, एवढंच. डिस्ट्रिक्ट वेगळा, फ्लॅट रॉक-हॉक्रीक. शाळा सातवी ते बारावी एकत्र, एका बॅचला शंभर मुलंसुद्धा नसतात. आयबी नाही, कोर्सची यादी छोटी, हे आधीच सांगते. पण माझ्या मुलीने कधी बॉल हातात धरला नव्हता ती व्हॉलीबॉलला गेली कारण टीमला मुलीच कमी पडत होत्या, आणि नाटकात पण तीच, आणि एफएफएचं (शेतीची आवड असणाऱ्या शाळकरी मुलांची संघटना) ते निळं कॉर्डरॉयचं जाकीट घालून गाई-म्हशी नाही पण कोंबड्यांचं जजिंग करून आली. मोठ्या शाळेत ट्रायआउटलाच गळली असती. दुसरी बाजू म्हणजे वर्गात ती एकटीच देशी. तिला चाललं, सगळ्यांना चालेलच असं नाही, मुलीलाच विचार.

आणि गाडीचा हिशोब आत्ताच कर. प्रॅक्टिस संपते तोवर शाळेची बस गेलेली असते. ड्रायव्हर्स एड (गाडी शिकायचा कोर्स) घेतलं तर पंधराव्या वर्षी लर्नर परमिट मिळतं, लायसन्स सोळा वर्षं नि 90 दिवसांनी. तोवर ड्रायव्हर तूच. नोव्हेंबरात पाच-सहालाच अंधार, शेतातून हरणं आडवी येतात.

अनघा

---

मृणाल,

मी इतकी वर्षं इथे सब (बदली शिक्षिका) म्हणून शिकवते, तेव्हा शाळांची तुलना करणार नाही, पण कागदपत्रांचं ऐक. आठवीची मार्कलिस्ट, शक्य असेल तर गणिताचा सिलॅबस इंग्रजीत आणि लसीकरणाचा कागद हातातल्या बॅगेत ठेव, कार्गोत नको. आम्ही आधी दुसऱ्या राज्यात होतो तिथे काउन्सेलरने मार्कलिस्ट नीट न बघताच माझ्या लेकाला अल्जेब्रा वनमध्ये (बीजगणिताचा पहिला कोर्स) टाकलं, जे त्याचं सगळं झालं होतं. वर्ष फुकट. नम्रपणे पण हटून बस, प्लेसमेंट टेस्ट माग.

दुसरं, इंडियानाचा हायस्कूल डिप्लोमा (बारावी झाल्याचं सर्टिफिकेट) बदललाय. 2029 ला बारावी होणाऱ्या बॅचपासून 42 क्रेडिटचा नवीन, त्यावर एनरोलमेंट (पुढे कॉलेज), एम्प्लॉयमेंट (नोकरी), एनलिस्टमेंट (सैन्य किंवा सेवा) असे सील. तुझी मुलगी त्यातच येणार, म्हणून जुन्या पालकांचे सल्ले (प्रसादचे धरून) जपून घे. प्रत्येक शाळेला एकच विचार: डुअल क्रेडिटचे (शाळा आणि कॉलेज दोन्हीकडे धरले जाणारे) कुठले कोर्स शाळेतच होतात आणि कुठल्यासाठी आयव्ही टेकला, म्हणजे इथल्या कम्युनिटी कॉलेजला, जावं लागतं. पुस्तकांचं भाडं मात्र 2023 पासून सरकारी शाळांत बंद झालं, आम्ही दरवर्षी चेक फाडायचो.

शाळा ऑगस्टच्या सुरुवातीलाच उघडते. जुलैअखेर म्हणजे सामान उघडायलाही वेळ नाही.

शैलाताई

---

सगळ्यांना खूप थँक्स. मेल प्रिंट काढून ह्याच्या ताटाशेजारी ठेवल्या. आकड्याचा विषय निघाला नाही, झारणाचा निघाला. मुलीला विचारलं तर म्हणते जिथे मला कोणी बघणार नाही तिथे टाका, म्हणजे नॉर्थ असावं. धाकट्याला कोंबड्या हव्यात. पहिलं वर्ष भाड्यानेच राहू म्हणतोय.

शैलाताई, लसीकरणाची ती पिवळी फाइल आईकडे सांगलीला आहे, उद्याच जाते.

मृणाल