दुधाची वाटी आणि बोकोबा

ताई, जिन्याखालच्या मांजरीला तुम्ही रोज वाटीभर दूध ठेवता हे वाचून बरं वाटलं, पण वाटीत दुधाऐवजी पाणी घाला. बहुतेक मोठ्या मांजरांना दुधातली साखर पचत नाही, पोट बिघडतं.

हे मला गिरगावातल्या मैत्रिणीमुळे कळलं. गेल्या पावसाळ्यात ती डेंग्यूने आडवी झाली, तेव्हा संध्याकाळी तिच्यासाठी मऊ भात घेऊन जायचे. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "माझं राहू दे, आधी खालच्या बोकोबाला बघ." मग कोळणीकडून बारकी मांदेली आणायची, मीठमसाला न घालता उकडायची, काटे काढायचे (कंटाळवाणं काम, खोटं कशाला बोलू!). कांदालसणाचं कालवण मात्र अजिबात नको, मांजरांना ते विषारी.

बोकोबाच्या डाव्या कानाचं टोक सरळ कापलेलं. मला वाटलं मारामारीत गेलं असेल; ती नसबंदी झाल्याची खूण निघाली. जखमी मांजर दिसलं तर परळचं बैलघोडा हॉस्पिटल आहेच.

मैत्रीण आता ठणठणीत आहे. बोकोबा मात्र सात वाजले की माझी वाट बघत बसतो, आणि ती त्यावरून माझ्यावर रुसते.