शब्दचर्चा: ‘तीव्रता’ दहापट केली तरी ‘तीव्रता’ दुप्पटच?

दुभाषी:

श्रवणयंत्राच्या डब्यात जी माहितीपुस्तिका असते ना, ती मराठीत आणायचं काम हाती आहे. अठरा पानं सुरळीत झाली आणि एकोणिसाव्या पानावर गाडी रुतली. आधी कुणीतरी करून ठेवलेल्या मसुद्यात वाक्य असं आहे: ‘ध्वनीची तीव्रता दहापट वाढवली तरी कानाला तीव्रता दुप्पट झाल्यासारखीच वाटते.’

वाचणारा म्हणेल, बाई, एकदा काय ते ठरवा. दहापट की दुप्पट?

मुळात शब्द दोन आहेत, इंटेन्सिटी आणि लाउडनेस. पहिली यंत्राने मोजायची, दुसरी कानाला जाणवते ती. मसुद्यात दोन्हींना ‘तीव्रता’. मी लाउडनेससाठी ‘मोठेपणा’ लिहून पाहिलं. ‘या बटणाने ध्वनीचा मोठेपणा वाढतो’ हे वाक्य वाचून नवरा म्हणाला, असं बटण आमच्या साहेबांनाही बसवून दे.

शब्द सुचवा. मात्र पुस्तिका वाचणारे बहुतेक सत्तरीच्या पुढचे असतील, हे ध्यानात ठेवून सुचवा.

काळी चार:

दुभाषीताई, मराठी माणूस दिवसभर लाउडनेसबद्दलच बोलत असतो, फक्त त्याला नाम लागत नाही. ‘मोठ्याने बोल’, ‘जोरात लावलाय टीव्ही’, ‘आवाज चढवू नकोस’. तीन वाक्यांत तीन वेगळी चित्रं आहेत बघा. मोठ्याने म्हणजे आकार, जोरात म्हणजे बळ, चढवणे म्हणजे उंची.

उलट्या बाजूला आणखी मजा. ‘मोठ्याने’च्या उलट ‘लहानाने’ होत नाही. तिथे ‘हळू’ येतं, नाहीतर ‘बारीक’. ‘गॅस बारीक कर आणि तो टीव्हीही बारीक कर’ हे आमच्या घरी एका श्वासात म्हटलं जातं. ‘हळू’ हा शब्द संस्कृत ‘लघु’पासून आलेला. लघुचं प्राकृतात लहु झालं, मग ल आणि ह यांनी जागा बदलल्या. म्हणजे मुळात तो ‘हलका’चा भाऊ. वजनाने हलका, वेगाने कमी आणि कानाला सौम्य, हे तिन्ही अर्थ तो बिचारा आजही वाहतोय. फोनवर कुणी ‘हळू बोला’ म्हटलं की सावकाश बोलायचं की दबक्या आवाजात, हे परिस्थितीवरून ओळखायचं. तुमच्या पुस्तिकेत ‘हळू’ असेल तर आधी तो तपासा.

आता माझ्या नावाचा विषय. ‘माझ्याशी वरच्या पट्टीत बोलायचं नाही’ असं आपण म्हणतो तेव्हा तक्रार असते आवाज मोठा झाल्याची, पण शब्द वापरतो स्वराच्या उंचीचा. पट्टी हार्मोनियमची. काळी चार पट्टीत गाणारी बाई अगदी कुजबुजल्यासारखी गुणगुणली तरी पट्टी काळी चारच राहते. मग भाषा चुकली का? मला तसं वाटत नाही. माणूस ओरडायला लागला की फुप्फुसातून येणाऱ्या हवेचा दाब वाढतो, स्वरतंतू ताणले जातात आणि सूर आपोआप वर सरकतो. शेताच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या माणसाला खर्जात हाक मारून बघा! भांडणात दोन्ही गोष्टी जोडीनेच वाढतात, म्हणून भाषेने त्या एकत्र बांधल्या. त्या सुट्या करायला रियाज लागतो. तार षड्ज हलका लावता येणं ही गळ्याची परीक्षा आहे, जोर लावून तो कुणीही फोडील.

सुट्या करण्याचं काम शास्त्रकारांनीही केलेलं आहे. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ लिहिला, त्यात मंद्र हृदयात, मध्य कंठात आणि तार मस्तकात अशी स्थानं सांगितली आहेत आणि प्रत्येक आधीच्याच्या दुप्पट. ही दुप्पट उंचीची आहे, तुमच्या पानावरची दुप्पट वेगळी.

रविवारचा पेपर:

हिंदीच्या शालेय पुस्तकांत लाउडनेसला ‘प्रबलता’ आणि पिचला ‘तारत्व’ म्हणतात. तयार शब्द आहेत, उचला की.

डेसिबलवाला:

प्रबलता कागदावर ठीक आहे, पण ‘आजोबा, प्रबलता किती ठेवू?’ असं म्हणून बघा एकदा.

मी नाटकांना आणि वाद्यवृंदांना ध्वनिव्यवस्था पुरवतो. शब्द मला सुचत नाही, पण ती दहापट-दुप्पटची भानगड सांगू शकतो. ती कळल्याशिवाय शब्द ठरणार नाही.

एक ढोल वाजतोय असं धरा. शेजारी तसाच दुसरा, तेवढ्याच जोराने. तुमच्यापर्यंत येणारी ध्वनिऊर्जा दुप्पट झाली, मीटरचा आकडा ३ डेसिबलने वर गेला. कानाला काय वाटलं? ‘जरा भरल्यासारखं झालं’, बस. आवाज दुप्पट मोठा वाटायला दहा ढोल लागतात, म्हणजे १० डेसिबलची वाढ. चौपट वाटायला शंभर. पथकवाले पन्नास ढोलांचे दीडशे करतात ना, तेव्हा सगळे ढोल तुमच्यापासून सारख्याच अंतरावर आहेत असं मानलं तरी वाढ होते ५ डेसिबलच्याही आत. तिप्पट माणसं, तिप्पट सराव, तिप्पट वडापाव, आणि आवाज दीडपटसुद्धा मोठा वाटत नाही. हे मी एका पथकप्रमुखाला समजावून सांगितलं होतं. त्याने पुढच्या वर्षी दोनशे केले.

कान असा कंजूष का? कारण त्याला पसारा फार मोठा सांभाळायचा आहे. जेमतेम ऐकू येणारा ध्वनी आणि कान दुखवणारा ध्वनी यांच्या तीव्रतेत एकावर बारा शून्यं एवढा फरक आहे. सरळ हिशेबाने चालला असता तर एका टोकाला काहीच कळलं नसतं आणि दुसऱ्या टोकाला डोकं फुटलं असतं. म्हणून कानाच्या आत जो शंखासारखा भाग असतो, त्या शंखात बारीक आवाजाला उचलून धरायची आणि मोठ्याला तशी मदत न करायची सोय आहे. डेसिबलची मोजपट्टी कानाच्या या चालीला बरीच जवळची, पण ती कानासाठी जन्मलेली नाही. टेलिफोनच्या लांब तारेत आवाज किती गळतो हे मोजायला अमेरिकेतल्या बेल कंपनीच्या माणसांनी १९२० च्या दशकात ती आणली. नाव अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलवरून, आणि डेसि म्हणजे दहावा भाग.

कानाची खरी मोजपट्टी वेगळी आहे. हार्वर्डच्या स्टीव्हन्सने १९३६ मध्ये ‘सोन’ हे एकक सुचवलं. हजार हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला हजार कंपनांचा, सूर ४० डेसिबलला ऐकवला की तो एक सोन. ५० ला दोन सोन, ६० ला चार. हा शुद्ध लाउडनेस. नाव इतकं गोड असूनही चाललं नाही.

आता दुसरी गंमत. तुमच्यापैकी कुणाकडे जुना डेक असेल तर त्यावर ‘लाउडनेस’ नावाचं बटण आठवतंय का? आमच्या घरी ते कायम दाबलेलं असायचं, कारण दाबलं की गाणं ‘भारी’ वाटायचं. त्याचं कारण १९३३ सालचं आहे. बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी माणसांना वेगवेगळ्या उंचीचे सूर ऐकवून विचारलं, सांगा, दोन्ही सारखेच मोठे कधी वाटतात? उत्तर असं निघालं की कान सगळ्या सुरांना एका मापाने मोजतच नाही. आजच्या आंतरराष्ट्रीय तक्त्याप्रमाणे हजार हर्ट्झच्या ४० डेसिबल सुराएवढा मोठा वाटायला शंभर हर्ट्झच्या सुराला सुमारे ६४ डेसिबल लागतात. आवाज बारीक केला की खर्ज आधी गायब होतो तो यामुळे. त्या बटणाचं काम एवढंच, गेलेला खर्ज परत भरून देणं.

सगळ्यात लाडका भाग तीन-चार हजार हर्ट्झच्या आसपासचा. कानाच्या भोकापासून पडद्यापर्यंतची नळी साधारण अडीच सेंटीमीटरची, ती बासरीसारखी नेमक्या त्या सुरांना घुमवते. तान्ह्या बाळाचं किंचाळणं आणि ताटलीवर घासलेला चमचा डोक्यात जातो त्यात या नळीचा वाटा आहे.

मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतींबद्दलही यातूनच बोलायला हवं. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा २००० सालच्या नियमांतली. ती ‘ए’ मापाने मोजतात. हे माप कानाची नक्कल करतं, म्हणजे खर्ज कमी धरतं. ६३ हर्ट्झला तब्बल २६ डेसिबल वजा. ही नक्कल बारीक आवाजांवरून बेतलेली. आवाज प्रचंड झाला की कान खर्जाला एवढी सूट देत नाही, मीटर मात्र देतच राहतो. काचा थरथरतात, छातीत धडधडतं, आणि आकडा त्या मानाने सोवळा दिसतो. असो, भरकटलो.

पणजीहून:

आमच्या कोंकणीत ‘व्हडल्यान उलय’. व्हड म्हणजे मोठा. चित्र तेच, आकाराचं. नाम विचारलंत तर आम्हीही अडखळू.

ऑडिओग्राम:

मी श्रवणतज्ज्ञ आहे, दिवसभर हेच काम. दुभाषीताई, ज्या लोकांसाठी तुम्ही लिहिताय त्यांच्या बाबतीत तुमचं वाक्य पुरेसं खरं नाही, हे आधी सांगते.

रोजचा प्रसंग. आजोबा समोर, मुलगा शेजारी. मुलगा बोलतो, आजोबा कानाला हात लावून म्हणतात, ‘काय? मोठ्याने बोल.’ मुलगा थोडा आवाज वाढवतो. ‘अरे, मोठ्याने!’ मुलगा आणखी वाढवतो, आणि आजोबा दचकून चिडतात, ‘ओरडतोस कशाला, बहिरा आहे का मी?’ मुलाला वाटतं म्हातारा चक्रम आहे. चक्रम नसतो. डेसिबलवाल्यांनी सांगितली ती बारीक आवाजाला उचलणारी सोय शंखातल्या बाहेरच्या रोमपेशी करतात. वयाने, नाहीतर कारखान्यातल्या गोंगाटाने त्या झिजल्या की बारीक आवाज पोचतच नाही. मोठा मात्र जवळजवळ पूर्वीएवढाच मोठा वाटतो. ऐकू न येणं आणि सहन न होणं यांच्यातली जागा अरुंद होते. निरोगी कानाला दुप्पट वाटायला १० डेसिबल लागत असतील, तर या कानाला कमी पुरतात. चांगलं यंत्र म्हणूनच सगळं सरसकट मोठं करत नाही, बारीक आवाजाला जास्त हात देतं आणि मोठ्याला कमी.

दुसरं, उतारवयात आधी वरचे सूर जातात. ‘स’, ‘श’, ‘त’, ‘क’ यांची ओळख तिथेच असते. आवाज येतो, शब्द कळत नाही. अशा वेळी ओरडल्याने स्वर फुगतात, व्यंजनं तिथेच राहतात. ‘हळू बोला’ हा सल्ला इथे सावकाश या अर्थाने बरोबर आणि दबक्या आवाजात या अर्थाने घातक. ‘हळू’बद्दल वर आलेला इशारा माझ्या दवाखान्यातही लागू आहे. मी ‘सावकाश, तोंडाकडे बघून’ असं सांगते.

आणि मराठीत कानाच्या बाजूचे शब्द नाहीत असं कोण म्हणतं? ‘कानठळ्या बसणे’ घ्या. त्यात आवाज किती होता ते सांगितलेलंच नाही, कानाचं काय झालं ते सांगितलंय. सुतळी बॉम्बनंतर तासभर सगळं कापसातून आल्यासारखं ऐकू येतं, ती थकलेल्या रोमपेशींची अवस्था. कानात एक चिमुकला स्नायू आहे, मोठा आवाज आला की रिकिबीचं हाड आखडून धरतो. पण त्याला जागं व्हायला सेकंदाचा काही अंश लागतो, आणि फटाका तोवर आत येऊन गेलेला असतो.

काळी चार:

हे वाचल्यावर एक सुचलं. आपल्याकडे नामं दोन आहेतच की, ‘ध्वनी’ आणि ‘आवाज’. एक संस्कृत, एक फारसी. भौतिकशास्त्राचं जे आहे ते ध्वनीकडे द्यावं, कानाचं आवाजाकडे. ध्वनीला ‘तीव्रता’ असू दे. आवाज ‘मोठा’ किंवा ‘बारीक’ वाटू दे. ‘वाटणे’ या क्रियापदात लाउडनेस अख्खा बसतो, नवं नाम पाडायची गरजच नाही.

रविवारचा पेपर:

पण मग ‘ध्वनिप्रदूषण’? ते तर कानाचंच दुखणं आहे. तुमची वाटणी तिथे फसते.

काळी चार:

फसते. सरकारी शब्द आहे तो, त्याला माझी वाटणी विचारून केला नव्हता. पुस्तिकेपुरतं पाळलं तरी पुरे.

दुभाषी:

सगळ्यांचे आभार. ध्वनी यंत्राकडे, आवाज कानाकडे अशी वाटणी धरून अख्खी पुस्तिका पुन्हा फिरवली. ‘हळू’ सात ठिकाणी सापडला. पाच ठिकाणी ‘सावकाश’ केला, दोन ठिकाणी ‘बारीक’. ऑडिओग्रामताईंनी सांगितलं त्यासाठी एक परिच्छेद वाढवायची परवानगीही मागून घेतली. एकोणिसाव्या पानावरचं वाक्य आता असं आहे: ‘ध्वनीची तीव्रता दहापट झाली, तरी निरोगी कानाला आवाज साधारण दुप्पटच मोठा वाटतो. तुमच्या कानाला तो याहून लवकर मोठा वाटू शकतो.’

छपाईला देण्याआधी सासूबाईंना वाचायला दिलं. त्या दोन वर्षं यंत्र वापरतात. चष्मा लावून दोनदा वाचलं, मग ‘वाटू शकतो’वर बोट ठेवून म्हणाल्या, “वाटू कशाला शकेल? मोठाच असतो तो. काल तुझा कुकर ऐकलास ना?”