'कडकट्ट' म्हणजे यंत्र की आवाज?

खानापूरकर: एका कन्नड रेल्वे-लेखाचा अनुवाद चाललाय. 'तंति बंतु' म्हणजे 'तार आली', इथवर सोपं. पण तारघरातल्या साउंडरला, म्हणजे आलेली तार ठोक्यांतून ऐकवणाऱ्या यंत्राला, मराठीत काय म्हणायचं? मी 'कडकट्ट' लिहिलं. संपादकांनी 'हे यंत्राचं नाव नव्हे, आवाजाचं' म्हणून काट मारली.

टिळकवाडी: आवाजच. मोर्सच्या टिंब-रेघांच्या लिपीत टिंब म्हणजे कट्ट, रेघ म्हणजे कडकट्ट.

लोंढा जंक्शन: तसं नसतंय वो. तार पाठवणाऱ्यानं 'की', म्हणजे ठोकायची कळ, दाबली की साउंडरचा विद्युतचुंबक पितळी दांडी खाली ओढतो, कट्ट. सोडली की स्प्रिंग ती वर आपटते, परत कट्ट. टिंब असो वा रेघ, ठोके दोनच. कान मधला वेळ मोजतो. टिंबाला एक मात्रा, रेघेला तीन. पावसात खांबावरचे चिनी मातीचे इन्सुलेटर ओले झाले की वीज वाटेतच जमिनीत मुरते, ओढ कमी पडते, दांडी खाली येत नाही. मग स्प्रिंग सैल करायची. फार सैल केली तर दांडी वर यायला उशीर, टिंबाची रेघ होते आणि 'ए'चा (टिंब-रेघ) 'एम' (रेघ-रेघ) वाचला जातो.

निपाणी: आवाजावरून वस्तूला नाव पडतंच की. फटफटी चालते, मग कडकट्ट का नको?

टिळकवाडी: बोलीत चालेल. छापायला 'ठोकयंत्र' घ्या.

निपाणी: एवढं शुद्ध पाहिजे तर 'तार'पण काढा, फारसी आहे.

टिळकवाडी: काहीतरीच! 'तारस्वर' कुठला मग?

लोंढा जंक्शन: तो तार म्हणजे उंच, संस्कृत. धातूची तार फारसीतून आली. उलट कन्नडातली 'तंति'च संस्कृत, आपल्या 'तंतूं'च्या घरातली.

टिळकवाडी: म्हणजे संस्कृत त्यांच्याकडं आन फारसी आपल्याकडं? बेळगावात हे मोठ्यानं बोलू नका.

लोंढा जंक्शन: जुना शब्द 'तारायंत्र' आहे, पण तो साउंडरला लावू नका. 1850 साली कोलकाता ते डायमंड हार्बर लाइन पडली तेव्हा ती टाकणाऱ्या ओशॉनेसीच्या यंत्रात सुई हलायची आणि ती डोळ्यांनी वाचायची. ठोके नंतर मोर्सबरोबर आले.

खानापूरकर: मग मी लिहू काय?

निपाणी: 'तार ठोकली' म्हणतो ना आपण? तो ठोका त्या कीचाच.

टिळकवाडी: भाषणपण ठोकतात. तिथं की कुठली?