१० मीटर पिस्तूल : तुमच्या बोटाला कुठला ट्रिगर मानवला?

जुळे सोलापूर, नेमबाज मुलीचा बाप

नमस्कार मंडळी. माझी मुलगी १६ वर्षांची. दोन वर्षं क्लबच्या पिस्तुलावर शिकली, आता तिचं स्वतःचं घ्यायचं ठरलंय. खर्च लाखाच्या वरचा, त्यामुळे घरात रोज हाच विषय. स्टायर एलपी १० की मोरिनी १६२ ईआय, या दोन एअर पिस्तुलांत गाडी अडलीय. दोन्ही शेजारी ठेवून बघायची सोय मला सोलापुरात सापडली नाही. मागे पुण्यात बालेवाडीला स्पर्धेसाठी गेलो, तेव्हा तिथल्या दोन मुलांनी मोठ्या मनाने आपापलं पिस्तूल तिच्या हातात दिलं. दोन्हींचा ट्रिगर ५०० ग्रॅमच्या आसपास लावलेला, म्हणजे चाप ओढायला तेवढा जोर लागतो. दहा-दहा वेळा ड्राय केल्यावर, म्हणजे गोळी न भरता चाप ओढल्यावर, ती म्हणाली, "बाबा, एकात ओल्या हरभऱ्याचा घाटा फुटल्यासारखं होतं. दुसऱ्यात काही फुटतच नाही, नुसतं होऊन जातं."

वजन तेच, मग बोटाला वेगळं का लागतं? कृपया आपला अनुभव लिहा. कुठलं पिस्तूल, किती वर्षं, ट्रिगर कसा लावलाय. माहितीपत्रकातलं नको, ते सगळं वाचून झालंय.

होटगी रोड, एअर पिस्तूल, ९ वर्षं

काका, ५०० ग्रॅम हा नियमातला किमान आकडा आहे, आणि तो दोन्ही टप्प्यांचा मिळून असतो. खरी गोम तिथेच आहे. माझ्या एलपी १० वर मी पहिल्या टप्प्यात साधारण ३५० घेतो, दुसऱ्यात उरलेले. म्हणजे बोट आधी बरंच वजन उचलून भिंतीला टेकतं (पहिला टप्पा संपून चाप अडतो, ती भिंत) आणि मग थोडंसं दाबलं की गोळी जाते. माझा मित्र बरोबर उलटं लावतो, पहिला टप्पा हलका आणि दुसरा जड. पिस्तूल एकच, वजनकाट्यावर दोघंही पास. पण त्याचं पिस्तूल माझ्या हातात आलं की मला भिंत सापडते आणि ती हलत नाही. मग मी जोर लावतो आणि गोळी खाली डावीकडे, सात-आठ गुणांच्या वर्तुळात. माझं त्याच्या हातात गेलं की त्याची गोळी नेम धरायच्या आधीच सुटते. मुलीला बालेवाडीत जो फरक जाणवला तो कदाचित दोन कंपन्यांचा नसेलच, त्या दोन मुलांच्या सेटिंगचा असेल.

आणखी एक, हे मी किंमत मोजून शिकलोय. एका राज्य स्पर्धेत पिस्तूल तपासणीला दिलं. नळी उभी धरून, हवेचा दाब चढवून, ट्रिगरच्या मधोमध वजन लावून उचलतात. घरी मी नेमका ५००ला लावला होता. पहिल्यांदा वजन उचललं गेलं नाही, चाप आधीच सुटला, दुसऱ्यांदा नाही, तिसऱ्यांदाही नाही. तिथेच उभ्या उभ्या स्क्रू पिळला, पुन्हा तपासून घेतलं आणि थेट लेनवर गेलो. ६० गोळ्या अनोळखी ट्रिगरवर मारल्या. ७५ मिनिटं इतकी लांब मला कधी वाटली नव्हती. तेव्हापासून ५१५ ते ५२० च्या खाली जात नाही. ते १५ ग्रॅम बोटाला कळत नाहीत, पण रात्री झोप लागते.

अशोक चौक, मोरिनी, ५ वर्षं

माझे वडील यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करून लावून देणारे. त्यांच्यामुळे मला हे जरा वेगळ्या बाजूने कळलं. मोरिनीत १६२ एमआय आणि १६२ ईआय अशी दोन भावंडं आहेत. अंग सारखं, पकड सारखी, एमआयचा ट्रिगर यांत्रिक आणि ईआयचा इलेक्ट्रॉनिक. दोन मॉडेलची तुलना करायची तर हीच जोडी घ्यावी, कारण ट्रिगर सोडून बाकी फारसं काही बदलत नाही. मी आधी तीन वर्षं एमआय वापरलं, आता ईआय.

एमआय वडिलांना दाखवलं. त्यांनी दोन-तीनदा चाप ओढून बघितला आणि म्हणाले, "दोन लोखंडं एकमेकांवर सरकत्यात. किती सरकायचं ते ठरव, मग सोड." त्यालाच आपण क्रीप म्हणतो. अडकण जास्त ठेवली तर बोटाला खरखर लागते, फार कमी केली तर धोका, धक्क्यानेसुद्धा सुटू शकतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये ४३-४४ अंश आणि त्यात धूळ. मी हौसेने जास्त ग्रीस लावलं, महिन्याभरात त्यात धूळ बसून ट्रिगर चिकट झाला. वडिलांनी ते सगळं पुसून काढलं आणि सुईच्या टोकाएवढं तेल लावलं. माग चालवणाऱ्या माणसाला हे वेगळं शिकवावं लागत नाही.

ईआयमध्ये बोटाने फक्त इशारा द्यायचा, पुढचं काम सर्किट करतं. त्यामुळे शेवटची गोळीसुद्धा पहिलीसारखीच लागते. तुमच्या मुलीचं "नुसतं होऊन जातं" अगदी बरोबर आहे. मला मात्र सुरुवातीचे दोन महिने भिंत न मिळाल्यामुळे चुकल्यासारखं व्हायचं. बॅटरीची जबाबदारी वेगळी. स्पर्धेच्या आदल्या दिवशी मी नवी टाकतोच. टोकियोत २०२१ साली मनू भाकरचं पिस्तूल पात्रता फेरीच्या मध्येच बिघडलं होतं, आठवतंय ना? त्यानंतर पॅरिसला २०२४ मध्ये तिने दोन कांस्य आणली. आमच्या रेंजवर टोकियोच्या त्या दिवसापासून जादा बॅटरी, स्क्रूड्रायव्हर आणि जमलं तर दुसरं पिस्तूल पेटीत ठेवायची सवय लागली.

सोरेगाव, निवृत्त पोलीस

माझा विषय थोडा वेगळा, खेळाचा नाही. नोकरीत आधी ईशापूरचं ९ मिलीमीटर ऑटो पिस्तूल, नंतर ग्लॉक १७. जुन्या ९ मिलीमीटरचा घोडा आधी मागे ओढलेला असतो, त्यामुळे चाप तसा आखूड, पण मॅगझीनच्या सेफ्टीमुळे (मॅगझीन काढलं की चाप चालू न देणारा भाग) आत कुठेतरी घासल्यासारखं वाटायचं. ग्लॉकला बाहेर घोडाच नाही. साधारण अडीच किलोचा लांब दाब, आणि गोळी गेल्यावर बोट पुढे सोडताना एक टक् जाणवतो. तो टक् ओळखला की पूर्ण बोट सोडावं लागत नाही, तिथूनच पुढची गोळी. मला हे कळायला वर्ष गेलं, कारण शिकवणाऱ्यांनी फक्त दाबायचं शिकवलं, सोडायचं नाही. तुमच्यासारखं ५०० ग्रॅम ट्रिगरचं नातवाचं पिस्तूल मी एकदा हातात धरलं. चाप कधी ओढला गेला तेच कळलं नाही. हाताला जन्मभर अडीच किलोची सवय.

विजापूर रोड, २५ मीटर, कॉलेज

मी १० मीटरवरून २५ मीटरला गेले. तिथे ट्रिगर किमान १००० ग्रॅम. तिथलं .२२ बोअरचं पिस्तूल घ्यायला परवाना लागतो, म्हणून क्लबच्याच पार्डिनी एसपीवर सराव करते. एकदा वॉल्थर एसएसपीही मिळालं होतं. दोन्ही चांगली, पण पार्डिनीचं ट्रिगरचं पातं, म्हणजे बोट टेकतं तो भाग, मी पुढे-मागे करून माझ्या बोटाच्या पेराशी जुळवलं होतं आणि वॉल्थर एका उंच मुलाच्या हाताला लावलेलं होतं. माझं बोट कसंबसं टेकायचं. त्या दिवशी मी "वॉल्थर जड आहे" असं सांगत फिरले, ते आज मागे घेते.

रॅपिडमध्ये, म्हणजे २५ मीटरच्या झटपट टप्प्यात, प्रत्येक गोळीला ७ सेकंद थांबायचं, ३ सेकंदांत हात ४५ अंशांवरून वर आणून गोळी मारायची. हात वर येतानाच पहिला टप्पा घेतलेला असावा लागतो. तिथे भिंत ठळक नसेल तर मी हरवते. राही सरनोबत ताईंनी याच २५ मीटर पिस्तूल प्रकारात २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं, कोल्हापूर आमच्यापासून किती जवळ, म्हणून तो व्हिडिओ मी बोटाकडे बघत कितीदा पाहिलाय.

भवानी पेठ

मी गृहिणी, वय ४१, दोन वर्षांपूर्वी सुरुवात केली. माझी आई अजून विड्या वळते. एकदा तिच्या हातात माझं रिकामं पिस्तूल दिलं, तोंड भिंतीकडे करून, आणि चाप दाब म्हटलं. तिने हळूहळू दाबला, मध्ये थांबली आणि म्हणाली, "इथं एक गाठ आहे की गं." मी कोचना दाखवलं. पहिला टप्पा संपतो तिथे खरंच हलकीशी अटक होती, मला दोन वर्षांत कळली नव्हती. विडी वळताना पानाची शीरसुद्धा तिच्या बोटाला लागते.

काका, माझं एलपी १० आहे आणि शेजारच्या मुलाचं ईआय. रविवारी सकाळी ७ ला आम्ही दोघं दोन्ही घेऊन येतो, रेंजचा पत्ता निरोपात कळवते. मुलीला घेऊन या. वजनही आणते, आधी दोन्ही ५२० ला लावू आणि पातं तिच्या बोटाला जुळवू. बालेवाडीत ते राहून गेलं असणार.