आयईएलटीएस : वाचनाच्या पेपरात ७ बँड कसा गाठावा?

प्रश्न : सांगलीची परिचारिका

नमस्कार. मी सांगलीतील एका रुग्णालयात सहा वर्षांपासून परिचारिका म्हणून काम करीत असून ब्रिटनमधील नोंदणीसाठी आयईएलटीएस या इंग्रजी भाषेच्या परीक्षेच्या अकॅडेमिक प्रकाराची तयारी करीत आहे. तेथील परिचारिका परिषदेला वाचन, श्रवण आणि संभाषण यांत प्रत्येकी ७ आणि लेखनात ६.५ बँड (म्हणजे गुणश्रेणी) लागतो. श्रवण आणि संभाषण यांची मला फारशी धास्ती नाही. गाडी अडते ती वाचनापाशी. दहावीपर्यंतचे माझे शिक्षण मराठी माध्यमात झाले. सराव प्रश्नपत्रिकांत ४० पैकी २४ ते २६ उत्तरे बरोबर येतात आणि तिसरा उतारा दर वेळी निम्माअधिक कोरा राहतो. क्लासमध्ये रोज ५० शब्द पाठ करायला सांगितले होते; ते मी चार महिने नेमाने केले, तरी गुण जागचे हलले नाहीत. 'ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हन' (दिलेले विधान उताऱ्यानुसार खरे, खोटे की उताऱ्यात त्याविषयी काहीच नाही, हे सांगणे) या प्रकारात तर मला खात्रीची वाटणारी उत्तरेच चुकतात. माझा शब्दसंग्रह कमी पडतो की वाचनाचा वेग, हेच उमगत नाही. रात्रपाळी सांभाळून रोज एक तास काढता येतो. तो कसा वापरावा?

उत्तर : निवृत्त इंग्रजी शिक्षक

तुमच्या वर्णनावरून मला मूळ अडचण वाक्य वाचण्याच्या सवयीत दिसते, आणि मराठी माध्यमातून आलेल्या अनेक हुशार विद्यार्थ्यांत मी ती पाहिली आहे. मराठीत क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येते आणि 'काल दिलेले औषध' यातल्याप्रमाणे नामाविषयीची माहिती नामाच्या आधी येते; त्यामुळे वाक्य संपेपर्यंत थांबायचे आणि मग अर्थ लावायचा, हे आपल्या अंगवळणी पडलेले असते. इंग्रजीत कर्ता आणि क्रियापद लवकर येऊन जातात आणि तपशील मागाहून 'विच', 'हू', 'दॅट' यांच्या आधाराने जोडले जातात. असे वाक्य मनातल्या मनात मराठीत उतरवू लागलो की डोळे शेवटापर्यंत जाऊन पुन्हा मागे फिरतात आणि ४० शब्दांच्या वाक्यासाठी ८० शब्दांचे श्रम पडतात. तीन उताऱ्यांत मिळून २,१५० ते २,७५० शब्द असतात आणि वेळ फक्त ६० मिनिटे. तिसरा उतारा कोरा राहण्याचे कारण मला इथेच दिसते.

म्हणून पहिले दोन आठवडे घड्याळ बाजूला ठेवा. विज्ञान किंवा इतिहास या विषयावरचा एखादा इंग्रजी लेख घेऊन त्यातील लांब वाक्यांचा कर्ता आणि मुख्य क्रियापद यांखाली पेन्सिलीने रेघ मारा, उरलेला भाग तुकड्यातुकड्याने वाचा आणि भाषांतर करण्याचा मोह टाळा. परिच्छेद संपल्यावर मात्र समासात पाच-सहा मराठी शब्दांत त्याचा आशय लिहा. मराठीच्या पेपरात 'उताऱ्याला योग्य शीर्षक द्या' हा प्रश्न आपण सर्वांनी सोडवला आहे. परिच्छेदांना शीर्षके जुळवण्याचा आयईएलटीएसमधील प्रश्न त्याचाच भाऊबंद आहे.

आता 'नॉट गिव्हन'. तुम्ही परिचारिका आहात म्हणून उदाहरण तुमच्याच क्षेत्रातले घेतो. समजा, उताऱ्यात एवढेच लिहिले आहे की १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात सेमेलवाइस या वैद्यांनी डॉक्टरांना क्लोरीनच्या द्रावणाने हात धुवायला लावले आणि तेथील बाळंतिणींच्या मृत्यूंचे प्रमाण घटले. 'या उपायाने मृत्यूंच्या प्रमाणात फरक पडला नाही' हे विधान 'फॉल्स', कारण उतारा त्याच्या उलट बोलतो. 'सहकारी डॉक्टरांनी हा उपाय लगेच स्वीकारला' या विधानापाशी मात्र तुमचे ज्ञान आडवे येईल. त्यांना विरोध झाला होता हे तुम्हाला ठाऊक असल्याने तुम्ही ठामपणे 'फॉल्स' लिहाल, पण उतारा त्याविषयी अवाक्षर काढत नसल्यामुळे उत्तर 'नॉट गिव्हन' आहे. विधान खोटे ठरवणारे शब्द उताऱ्यात बोट ठेवून दाखवता आले तरच 'फॉल्स' लिहावे.

उत्तर : मागच्या वर्षीचा परीक्षार्थी, बंगळूरू

सरांचे म्हणणे मान्य, तरी शब्दसंग्रहाला इतके बाजूला सारू नये असे मला वाटते. सुटे शब्द पाठ करण्याचा उपयोग नाही, एवढे खरे. मी प्रत्येक सराव प्रश्नपत्रिकेनंतर वहीत दोन रकाने करीत असे : प्रश्नातील शब्द एकीकडे आणि त्याच अर्थाने उताऱ्यात आलेला शब्द दुसरीकडे. प्रश्नकर्ते उताऱ्यातील भाषा जवळजवळ नेहमी बदलतात, त्यामुळे या जोड्याच खऱ्या कामाच्या. वेळ मी १५, २० आणि २५ मिनिटे असा चढत्या क्रमाने वाटला होता, कारण शेवटचा उतारा सहसा सर्वांत कठीण असतो. उतारा वाचण्याआधी प्रश्न वाचत असे.

सांगलीची परिचारिका

दोघांचेही आभार. काल जुन्या तीन प्रश्नपत्रिका पुन्हा तपासल्या. 'फॉल्स' लिहून चुकलेल्या बहुतेक ठिकाणी मी स्वतःच्या माहितीवर विसंबले होते, हे पाहून जरा लाजच वाटली. एक शंका उरते : प्रश्न आधी वाचले तर उतारा वाचेपर्यंत निम्मे विसरते, आणि उतारा आधी वाचला तर वेळ जातो. मग काय करावे?

उत्तर : ब्रिटनमध्ये काम करणारी परिचारिका

ताई, मीही या पेपरात एकदा ६.५ वर अडकले होते, म्हणून लिहिते. प्रश्नांचा प्रकार पाहून ठरवा. 'ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हन'ची उत्तरे उताऱ्याच्याच क्रमाने येतात. त्यामुळे एका वेळी दोनच विधाने वाचायची आणि पुढे सरकायचे. सगळी लक्षात ठेवण्याची गरज नाही. तिसऱ्याचे आणि पाचव्याचे उत्तर सापडले असेल, तर चौथे त्यांच्या मधल्या भागातच शोधायचे आणि तेथे काही आढळले नाही तर 'नॉट गिव्हन' लिहून मोकळे व्हायचे. कोणती माहिती कोणत्या परिच्छेदात आहे, हे विचारणाऱ्या प्रश्नांना असा क्रम नसतो. ते मी त्या उताऱ्यात सर्वांत शेवटी घेत असे, कारण तोवर उतारा ओळखीचा झालेला असतो. शीर्षकांच्या बाबतीत सरांची समासातील ओळ आधी लिहावी आणि मगच दिलेली शीर्षके पाहावीत, नाहीतर प्रत्येक शीर्षक बरोबर वाटू लागते.

अकॅडेमिक वाचनात २३ बरोबर उत्तरांना साधारण ६ आणि ३० ला साधारण ७ बँड मिळतो; प्रश्नपत्रिकेनुसार यात थोडा फरक पडतो. म्हणजे तुम्हाला चार ते सहा गुण हवे आहेत आणि त्यांतले काही निव्वळ निष्काळजीपणाने जात असतील. 'दोनपेक्षा अधिक शब्द नकोत' अशी सूचना असताना पुढे 'द' जोडून तीन शब्द लिहिले तर तो गुण गेलाच, आणि शुद्धलेखन चुकले तरी तेच. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही जागा कोरी सोडू नका. कागदावर परीक्षा देणार असाल तर उत्तरे थेट उत्तरपत्रिकेवरच लिहा. श्रवणाच्या पेपरात उत्तरे उतरवायला शेवटी १० मिनिटे मिळतात, वाचनात ती मिळत नाहीत. पहिल्या खेपेस माझी सात उत्तरे प्रश्नपत्रिकेवरच राहून गेली होती.